चूक शोधणाऱ्या हॉपरबाई

अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं इ. स. १९०६ च्या डिसेंबर महिन्याच्या ९ व्या तारखेस मरे नांवाच्या एका सुखवस्तु कुटुंबांत एक कन्या जन्मास आली. तिचें नांव ग्रेस असें ठेवण्यांत आलें. वडील विम्याचा व्यवसाय करीत. पणजोबा अमेरिकेच्या आरमारांत रिअर ॲडमिरलच्या पदास चढलेले होते. आईस गणिताची मनापासून आवड होती. परंतु तिच्या लहानपणीं मुलींनीं भूमितीच्या पलीकडे जाऊं नये अशी रीत असल्यामुळें बीजगणिताचें दार तिला बंदच राहिलें. ती हौस पुढें मुलीच्या हातून पुरी व्हावयाची होती.

ग्रेस सात वर्षांची असतांनाची एक गोष्ट तिच्या चरित्रांत नेहमीं सांगितली जाते. उन्हाळ्याच्या सुटींत हें कुटुंब न्यू हॅम्पशायर प्रांतांतील आपल्या घरीं राहावयास जात असे. तेथें निजावयाच्या खोल्यांतून मिळून सात गजराचीं घड्याळें होतीं. गजर वाजतो कसा हें पाहावें म्हणून मुलीनें एक घड्याळ उघडलें. मळसूत्रें, चाकें सर्व बाहेर आलीं. परंतु तीं पुन्हां बसविणें साधेना. मग मुळांत तीं कशीं बसविलेलीं असतात हें पाहण्याकरितां तिनें दुसरें घड्याळ उघडलें. त्याचीहि तीच गत झाली, म्हणून तिसरें. आणि अशा रीतीनें आईच्या लक्षांत येईपर्यंत सातहि घड्याळांचे सांगाडे होऊन पडले होते. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अशा प्रसंगीं काय झालें असतें तें पालकांस सांगावयास नको. त्या मातेनें मात्र इतकेंच केलें कीं, यापुढें मोडावयास एकच घड्याळ मिळेल असा नियम घालून दिला.

वडिलांच्या रक्तवाहिन्यांस विकार जडून त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. लांकडी पायांवर व काठ्यांच्या आधारानें ते आपल्या कामावर जात राहिले. आपण मुलांबाळांस किती दिवस पुरूं याचा भरंवसा नाहीं, हें जाणून त्यांनीं दोन्ही मुलींना मुलाच्या बरोबरीनें उच्च शिक्षण देण्याचा निश्चय केला. सोळाव्या वर्षीं ग्रेस व्हासार येथील स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस बसली व लॅटिनमध्यें नापास झाली. एक वर्ष थांबून ती पुन्हां बसली व उत्तीर्ण झाली. १९२८ सालीं गणित व पदार्थविज्ञान या विषयांत तिनें पदवी मिळविली, १९३० सालीं येल विद्यापीठाची एम्. ए. व १९३४ सालीं तेथीलच गणितांतील पीएच्. डी. संपादन केली. मध्यंतरीं १९३० सालीं व्हिन्सेंट हॉपर नांवाच्या साहित्याच्या अध्यापकाशीं तिचा विवाह झाला. तो १९४५ सालीं घटस्फोटानें संपला. परंतु हॉपर हें नांव तिनें कायम ठेविलें, व जग तिला त्याच नांवानें ओळखतें. आपणहि यापुढें त्यांना हॉपरबाई असेंच म्हणूं.

१९३१ पासून हॉपरबाई व्हासार येथेंच गणित शिकवूं लागल्या. संभाव्यतेचा विषय शिकवितांना त्या पहिल्याच सूत्रावर विद्यार्थिनींस निबंध लिहावयास सांगत, व भाषेच्या चुकांवर लाल खुणा करून तो परत देत. आम्ही गणिताच्या वर्गास आलों आहों, भाषेच्या नव्हे, अशी मुलींची कुरकुर चाले. जें दुसऱ्यास समजावून देतां येत नाहीं तें गणित शिकून काय उपयोग, असें त्यांचें त्यावर म्हणणें असे. ही कुरकुर गणिताच्या प्रत्येक शिक्षकानें ऐकलेली आहे. बाईंनीं ती मनावर घेतली नाहीं, हें फार बरें केलें. पुढें त्यांच्या हातून जें मोठें कार्य झालें त्याचें बीज या निबंधांतच होतें, असें मला वाटतें.

१९४१ च्या डिसेंबरांत अमेरिका महायुद्धांत ओढली गेली. हॉपरबाईंना आरमारांत जावयाचें होतें. परंतु वय अधिक भरलें, वजन नियमापेक्षां १५ पौंड कमी भरलें, आणि गणिताच्या अध्यापकांनीं आपली जागा सोडूं नये असें सरकारचें धोरण पडलें. त्यांनीं तिन्ही बाबतींत सवलत मिळविली व १९४३ च्या डिसेंबरांत त्या आरमाराच्या राखीव दलांत दाखल झाल्या. प्रशिक्षणांत पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण होऊन १९४४ च्या जुलईंत त्या हार्वर्ड विद्यापीठांत रुजू झाल्या. तेथें प्राध्यापक हॉवर्ड एकन हे आरमाराचे अधिकारी या नात्यानें एका नव्याच यंत्राची व्यवस्था पाहत होते. त्यांच्या हाताखालीं एक स्त्री अधिकारी येणार हें त्यांस प्रथम रुचलें नव्हतें. त्यांनीं बाईंना तें यंत्र दाखविलें व एका त्रिकोणमितीय फलाच्या गणनेचें काम पुढच्या गुरुवारपर्यंत करून आणावयास सांगितलें. बाईंनीं असें यंत्र त्यापूर्वीं कधीं पाहिलेलेंहि नव्हतें!

या यंत्राचें नांव मार्क पहिला. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारें ५ टन, आणि आंतील सुटे भाग साडेसात लक्षांहून अधिक. एवढें धूड एका सेकंदांत तीन बेरजा करी, व एका गुणाकारास त्याला सुमारें सहा सेकंद लागत. आजच्या मुलांना हें ऐकून हंसूं येईल. परंतु त्या काळीं तें नवल होतें. यंत्रास पडदा नव्हता, कळफलकावर टंकून त्याच्याशीं बोलण्याची सोय नव्हती. ज्या क्रमानें कामें करावयाचीं त्या क्रमानें कागदाच्या लांब फितीवर भोंकें पाडावीं, ती फीत यंत्रास लावावी, आणि विजेच्या टंकयंत्रावर उमटणाऱ्या आंकड्यांकडे पाहत उभें राहावें. एक भोंक चुकीच्या जागीं पडलें तर सर्व गणित चुके. मग तें भोंक कागदाचा तुकडा चिकटवून बुजवावें, योग्य जागीं दुसरें पाडावें, व पुन्हां आरंभ करावा.

येथें चूक म्हणजे केवळ गुण कमी होणें नव्हतें. समुद्रांत पेरलेले सुरुंग काढणाऱ्या जहाजांसाठीं, तोफांच्या माऱ्याच्या कोष्टकांसाठीं हीं गणितें रात्रंदिवस चालत; त्यांच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असत. म्हणून मंडळींनीं अशी योजना केली होती कीं, गणिताच्या मधल्या टप्प्यांवर यंत्रानें आपलें उत्तर दुसऱ्या रीतीनें पडताळून पाहावें, व मेळ बसला नाहीं तर तेथेंच थांबावें. शेवटीं चुकलेलें उत्तर हातीं आल्यावर रडत बसण्यापेक्षां, तें कोणत्या पायरीपर्यंत बरोबर होतें हें कळणें फार मोलाचें असतें. ही युक्ति ज्यास कळली त्यास दोष शोधण्याचें अर्धें शास्त्र कळलें.

याच यंत्रावर १९४४ मध्यें प्रसिद्ध गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनीं एक अवघड गणित आणिलें. तें कशाकरितां आहे हें तेथील मंडळींस त्या वेळीं सांगण्यांत आलें नव्हतें. १९४५ च्या ऑगस्टांत नागासाकी शहरावर ज्या जातीचा बाँब पडला, त्याच्या रचनेशीं त्या गणिताचा संबंध होता. गणित बरोबर झालें होतें. तें करावयास हवें होतें कीं नव्हतें हा प्रश्न कोणत्याहि फितीवर नव्हता, आणि त्याचें उत्तर देणारें यंत्र आजहि झालेलें नाहीं.

युद्ध संपल्यावर हार्वर्ड येथें मार्क दुसरा हें यंत्र तयार झालें. १९४७ च्या सप्टेंबर महिन्याच्या ९ व्या तारखेस तें नीट चालेना. चालकांनीं एक एक भाग तपासला, तेव्हां ७० क्रमांकाच्या रिलेच्या दोन टोंकांमध्यें एक मेलेला पतंग अडकलेला सांपडला. इंग्रजींत किड्यास बग असें म्हणतात, व यंत्रांतील दोषासहि तोच शब्द एडिसनच्या काळापासून रूढ होता. म्हणून चालकांनीं तो पतंग चिकटपट्टीनें नोंदवहींत डकविला, आणि खराखुरा बग सांपडल्याची ही पहिलीच वेळ, अशा अर्थाची थट्टेची नोंद खालीं केली. हॉपरबाईंनीं हा शब्द काढला व त्यांनींच पतंग शोधला असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें, तें बरोबर नाहीं. शब्द जुना, आणि शोध चालकांचा. बाईंनीं ती गोष्ट जन्मभर रंगवून सांगितली, व त्यामुळें दोष काढण्यास डीबगिंग म्हणण्याची रूढि जगभर पक्की झाली.

परंतु पतंगाचा दोष हा सोपा दोष. तो डोळ्यांस दिसतो, चिमट्यानें काढतां येतो. हॉपरबाईंच्या आयुष्यांतील दुसरी एक हकीकत मला याहून अधिक बोधप्रद वाटते. १९४९ सालीं त्या फिलाडेल्फिया शहरांतील एकर्ट व मॉकली यांच्या संगणक-कारखान्यांत नोकरीस गेल्या. तेथील बायनॅक नांवाच्या यंत्रांत दशमान पद्धतीऐवजीं आठाच्या पटीची पद्धति चाले; म्हणजे सातानंतर आठ न येतां दहा येई. बाई त्या पद्धतींत बेरीज-वजाबाकीच नव्हे तर भागाकारसुद्धां करावयास शिकल्या. इकडे महिन्याअखेर त्यांच्या बँकेच्या हिशेबाचा मेळ बसेना. दुसऱ्या महिन्यांत बसेना, तिसऱ्यांतहि नाहीं. गणितांतील पीएच्. डी. झालेल्या विदुषीस स्वतःच्या खर्चाचा ताळा जमेना! शेवटीं त्यांनीं आपल्या भावास बोलाविलें. तो बँकेच्या व्यवहारांत मुरलेला होता. त्यानें कित्येक संध्याकाळ वही चाळून निदान केलें कीं, ताईंनीं मधून मधून आठाच्या पद्धतीनें वजाबाकी केली आहे. आंकडे सर्व सुवाच्य होते. पण लिहिणारीचा हात एका पद्धतींत व बँक दुसऱ्या पद्धतींत चालत होती.

वरील हकीकत वाचतांना मला आपल्या शाळेच्या संगणक-कक्षांतील एक प्रसंग आठवला. दहावीच्या एका विद्यार्थ्यानें हजेरीसाठीं एक लहानसें वेब ॲप्लिकेशन केलें होतें. विद्यार्थ्याचा क्रमांक पानावर घालावा, व त्याची हजेरी समोर यावी, अशी योजना. परंतु कोणताहि क्रमांक घातला तरी असा विद्यार्थी नाहीं असें उत्तर येई. मुलानें घाबरून अर्धा प्रोग्रॅम पुसून टाकला, मग तोच पुन्हां लिहिला. दोष जसाच्या तसा. तेव्हां मीं त्यास पानाकडे पाहणें सोडून शेल उघडावयास सांगितलें. शेल म्हणजे तो साधा काळा पट, जेथें एक आज्ञा टंकावी व तिचें उत्तर लगेच खालच्या ओळींत वाचावें. त्यानें प्रथम विचारलें, एकंदर नोंदी किती? उत्तर बरोबर आलें. म्हणजे साठा शाबूत होता. मग पहिली नोंद मागितली. तिच्यांत क्रमांक ७ स्पष्ट दिसत होता. मग पानावरून आलेला क्रमांक पाहिला, तोहि ७. दोन्ही समान आहेत काय असें विचारतांच यंत्रानें नाहीं म्हणून सांगितलें! मुलगा थक्क झाला. शेवटीं त्यानें दोन्ही सातांची जात विचारली, तेव्हां उलगडा झाला. साठ्यांतील सात हा अंक होता, व पानावरून आलेला सात हें केवळ अक्षर होतें. डोळ्यांस एक, यंत्रास दोन. दुरुस्तीस एक ओळ लागली. शोधण्यास तीन दिवस गेले होते, आणि शेलवर प्रश्न विचारूं लागल्यावर दहा मिनिटें. हॉपरबाईंच्या बँकबुकांतील दोष आणि हा दोष एकाच कुळांतले आहेत.

फिलाडेल्फियाचीं पहिलीं वर्षें हॉपरबाईंना सुखाचीं गेलीं नाहींत. कामाचा ताण व एकटेपण यांमुळें त्या मद्याच्या आहारीं गेल्या होत्या, व त्यांच्या जिवाची मित्रांस काळजी वाटूं लागली होती. चरित्रकारांनीं ही गोष्ट लपविलेली नाहीं, म्हणून मीहि लपवीत नाहीं. मित्रांनीं त्यांना सोडलें नाहीं, व त्या पुन्हां कामास लागल्या.

आतां त्यांच्या मोठ्या शोधाकडे वळूं. हार्वर्डपासूनच मंडळी एकदां बरोबर ठरलेले आज्ञांचे तुकडे वहींत उतरून ठेवीत, व नव्या कामास लागले म्हणजे तेथून नकलून घेत. हॉपरबाईंच्या ध्यानांत आलें कीं, माणसास दोन गोष्टी नीट येत नाहींत: एक बेरीज, व दुसरी नक्कल. तुकडा नव्या जागीं बसवितांना त्यांतील पत्त्यांत ठराविक संख्या मिळवावी लागे, ती चुके. आणि उतरून घेतांना ४ चा त्रिकोण होई, इंग्रजी बी या अक्षराचे १३ होत. हीं दोन्ही कामें यंत्रास उत्तम येतात. मग तीं त्यासच कां सांगूं नयेत? सर्व तुकडे चुंबकीय फितीवर क्रमांकवार ठेवावे, माणसानें फक्त क्रमांक सांगावे, आणि यंत्रानें ते तुकडे काढून, पत्ते जुळवून, संपूर्ण आज्ञावली स्वतःच तयार करावी. १९५२ सालीं त्यांनीं युनिव्हॅक यंत्रावर असें साधन चालवून दाखविलें. तेंच ए-शून्य, ज्यास त्यांनीं कंपायलर असें नांव दिलें. यंत्रास केवळ अंकगणित येतें, तें आज्ञा लिहूं शकणार नाहीं, असें लोक त्यांना सांगत राहिले. इकडे यंत्र आज्ञा लिहीत होतें. दुसऱ्यांच्या चुकांबद्दल रागावण्याऐवजीं त्या कोठें उत्पन्न होतात तें पाहून ती जागाच नाहींशी करावी, हा या शोधाचा गाभा होता.

येथेंच त्या थांबल्या नाहींत. व्यापारी पेढ्यांतील लोकांना गणिताचीं चिन्हें नको असतात, त्यांना शब्द हवेत, हें त्यांनीं ओळखलें व साध्या इंग्रजी शब्दांनीं आज्ञा देण्याची पद्धति मांडली. यंत्रास इंग्रजी कळणार नाहीं असें उत्तर मिळालें. १९५५ च्या सुमारास आपल्या वरिष्ठांस पटावें म्हणून त्यांनीं तोच लहान प्रोग्रॅम इंग्रजींत, फ्रेंचमध्यें व जर्मनमध्यें चालवून दाखविला. यंत्रास तिन्ही सारखेच, कारण त्यास शब्दाचा अर्थ कळत नसून खूण तेवढी कळते. परिणाम उलटाच झाला. अमेरिकेंत बनलेल्या यंत्रास फ्रेंच व जर्मन कळतें हें वरिष्ठांस भयंकर वाटलें, आणि आपण इंग्रजीच ठेवूं अशी ग्वाही देत बाईंना पुढें कित्येक महिने काढावे लागले. या उद्योगांतून फ्लोमॅटिक ही भाषा निघाली. तिच्या पायावर १९५९ सालीं नेमलेल्या समितीनें कोबोल ही भाषा रचली. बाई त्या समितीच्या सल्लागारांत होत्या. १९६० च्या डिसेंबरांत एकच कोबोल प्रोग्रॅम दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालला. पुढें बँकांचे व विम्याचे हिशेब कित्येक दशकें या भाषेवर चालले.

१९६६ च्या अखेरीस वयामुळें आरमारानें त्यांना निवृत्त केलें. तो दिवस आपल्या आयुष्यांतील सर्वांत दुःखाचा, असें त्या सांगत. परंतु आरमाराच्या संगणकांत इतका गोंधळ माजला कीं, १९६७ च्या ऑगस्टांत त्यांना सहा महिन्यांसाठीं परत बोलावावें लागलें. ते सहा महिने मध्यें अल्प खंड पडून १९८६ पर्यंत चालले! त्या रिअर ॲडमिरल झाल्या, म्हणजे पणजोबांच्या पदास पोंचल्या. त्यांच्या कचेरींतील घड्याळाचे कांटे उलट फिरत. रीत बदलली तरी वेळ कळतोच, हें आलेल्या माणसास न बोलतां कळावें म्हणून. व्याख्यानास जातांना त्या सुमारें ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे बरोबर नेत व श्रोत्यांना वांटीत. एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागांत प्रकाश जास्तींत जास्त किती दूर जातो, तें त्या तुकड्यावरून हातांत धरून पाहतां येई. जी वस्तु कल्पनेंत मावत नाहीं ती मुठींत देणें, यासच शिकविणें म्हणतात.

१९८६ च्या ऑगस्ट महिन्याच्या १४ तारखेस बोस्टन बंदरांत, १७९७ सालीं पाण्यांत उतरविलेल्या कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निरोपसमारंभ झाला. त्या वेळीं त्यांचें वय ७९ होतें. घरीं बसणें त्यांना माहीतच नव्हतें. त्यांनीं एका संगणक-कंपनींत सल्लागाराचें काम धरिलें. १९९२ च्या जानेवारीच्या १ तारखेस त्यांचें निधन झालें, व आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमींत लष्करी इतमामानें त्यांना मूठमाती देण्यांत आली. त्यांचें नांव दिलेली हॉपर ही विनाशिका १९९७ सालीं आरमारांत दाखल झाली, आणि २०१६ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं त्यांना मरणोत्तर स्वातंत्र्यपदक अर्पण केलें.

मार्क दुसऱ्याची ती नोंदवही वॉशिंग्टन येथील अमेरिकेच्या इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे. तींत १९४७ च्या त्या दिवसाच्या पानावर, दुपारीं पावणेचारच्या नोंदीपाशीं, पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखालीं तो पतंग अद्याप आहे.